वाडीवरची मुलं आणि आपली पाचवी

प्रश्न : ताई, मी कोकणातल्या एका केंद्रशाळेची मुख्याध्यापिका. मागच्या वर्षी पदोन्नती मिळाली. शाळा पहिली ते सातवीची. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, नऊ शाळा, त्यातल्या सहा द्विशिक्षकी. आमच्या पाचवीत यंदा ३१ मुलं आहेत. त्यातली १२ चार वाड्यांवरच्या चौथीपर्यंतच्या शाळांतून आली आणि त्या १२ पैकी ७ जणांना साधा परिच्छेद सलग वाचता येत नाही. सगळ्या शाळांनी मिळून काम केलं तर पुढची मुलं अशी येणार नाहीत, असं मला वाटलं. म्हणून जुलैच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मी विषय काढला. आमच्या शाळेत या, आमचे वर्ग बघा, आमचं साहित्य घेऊन जा, असं सांगितलं. सगळे गप्प बसले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले एक गुरुजी चहाच्या वेळी म्हणाले, "बाई, मोठ्या शाळेचं मोठेपण तुमच्यापाशी ठेवा. आमच्या शाळा आहेत तशा राहू द्या." केंद्रप्रमुखांकडे आणखी दोन केंद्रांचा कार्यभार आहे. ते म्हणतात, तुम्ही करा, माझी हरकत नाही. आमच्याच शाळेतले शिक्षक म्हणतात, आपली कामं काय कमी आहेत? माझं चुकलं का? आता पुढे काय करू?
एक मुख्याध्यापिका

प्रिय बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या खुर्चीत बसून, दुसऱ्यांदा त्या गुरुजींच्या. पहिल्यांदा वाचताना तुमची तळमळ दिसली आणि फार बरं वाटलं, कारण बढती मिळाल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या शाळेतल्या मुलांची काळजी करणारे मुख्याध्यापक मी फार पाहिलेले नाहीत. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक आकडा सापडेना.

वाड्यांवरून आलेल्या १२ पैकी ७ मुलांना वाचता येत नाही, हे तुम्ही मोजलंत. उरलेली १९ मुलं तुमच्याच शाळेत पहिली ते चौथी शिकली. त्यातल्या किती जणांना परिच्छेद सलग वाचता येतो? तो आकडा पत्रात नाही. कदाचित तुम्ही काढलेला असेल आणि लिहायचा राहिला असेल. पण शिक्षण परिषदेत तुम्ही बोललात तेव्हाही तो नव्हता, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाने नेमकं तेच ऐकलं असणार.

हे मी अधिकाराने सांगते, कारण हीच चूक मी केली आहे. पहिल्यांदा शाळा हाती आली तेव्हा मी आजूबाजूच्या पाच शाळांना आदर्श पाठ बघायला बोलावलं. भिंती रंगवलेल्या, तक्ते टांगलेले, हुशार मुलं पुढच्या ओळीत. पाहुणे आले, नाश्ता करून गेले, पुढच्या वेळी कुणी फिरकलं नाही. त्यांना शिकायचंच नाही, असं मी घरी येऊन म्हटलं. वर्षभराने आमच्या शाळेत बदलून आलेल्या एका तरुण शिक्षिकेने चौथीतल्या एकेका मुलाला व्हरांड्यात शेजारी बसवून वाचून घेतलं. सहा मुली धडा घडाघडा म्हणत होत्या, पण पानावरचं चित्र हाताने झाकलं की थांबत होत्या. त्या माझ्या आदर्श पाठाला पहिल्या ओळीत बसल्या होत्या. ती यादी तिने माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा कुठे मला कळलं की शेजारच्या शाळांना मी काय दाखवायला बोलावलं होतं.

म्हणून पहिलं काम. येत्या दोन आठवड्यांत पाचवीच्या सगळ्या ३१ मुलांचं वाचन एकेकाला जवळ बसवून घ्या. अक्षरं, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट, अशा पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेतच. वजाबाकीही बघा, हातच्याची आणि बिनहातच्याची. यादीत मूल कोणत्या शाळेतून आलं तो रकाना ठेवू नका. मग ती यादी घेऊन तिसरी-चौथीच्या तुमच्या शिक्षकांबरोबर बसा. सहशिक्षकांच्या तक्रारीचं उत्तरही इथेच मिळेल. शेजाऱ्यांना सुधारायला जायचं आहे असं वाटलं की ते जास्तीचं काम होतं. आपल्याच वर्गातली पाच-सहा मुलं अडलीत असं दिसलं की ते आपलं काम होतं.

आता गुरुजींबद्दल. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं, लागणारच. पण त्यांच्या वाक्याचा उत्तरार्ध पुन्हा वाचा : "आमच्या शाळा आहेत तशा राहू द्या." मला त्यात अहंकारापेक्षा भीती जास्त ऐकू येते. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव राज्यभरातून मागवले गेले, तेव्हापासून छोट्या शाळेच्या शिक्षकाला 'एकत्र' हा शब्द सरळ ऐकू येत नाही. आपली शाळा बंद होणार, मुलांना ओढे-पऱ्या ओलांडून लांब चालत जावं लागणार, आपलं समायोजन कुठल्यातरी दुसऱ्या टोकाला होणार, हे त्याच्या मनात आधी येतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी असं आपल्या राज्याचे शिक्षणहक्काचे नियम सांगतात, आणि कोकणातल्या पावसात त्या एका किलोमीटरचा अर्थ काय होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा माणसासमोर मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने "आमच्याकडे या, आमचं बघा" म्हटलं, तर त्याला ते विलीनीकरणाची पहिली पायरी वाटलं असेल. ही शंका तुम्ही बोलून दाखवली नाहीत तर ती तशीच राहील. पुढच्या भेटीत स्पष्ट सांगा की वाडीवरची शाळा वाडीवरच राहावी आणि चांगली चालावी म्हणूनच हा खटाटोप आहे. वेळ आली तर त्या शाळेच्या बाजूने लेखी मत द्यायची तयारीही ठेवा. तेवढी तयारी नसेल तर हा विषय काढू नका.

आणि मग त्यांच्या शाळेत जा. बोलावू नका, जा. मागे मुलांच्या रांगेत बसा. तुम्ही सातवीपर्यंतच्या शाळेत आयुष्य काढलंत, तुमच्याकडे वर्गाला एक शिक्षक आहे. गुरुजी एका खोलीत दोन-दोन इयत्ता वर्षानुवर्षं सांभाळत आहेत. पहिलीला अक्षरओळख चालू असताना तिसरीला कामात कसं ठेवायचं, थोरल्या मुलांकडून धाकट्यांचं कसं करून घ्यायचं, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचे वर्ग कसे जोडून घ्यायचे, हे कसब मोठ्या शाळेतल्या आपल्या शिक्षकांना येत नाही. परवा तुमच्या शाळेत एकाच दिवशी दोन शिक्षक प्रशिक्षणाला गेले की वर्ग कसे चालतात ते आठवा. मला हे शिकवा असं त्यांना सांगा, पण खरोखर शिकायचं असेल तरच सांगा. पोकळ विनंती जुन्या शिक्षकाला लगेच ओळखू येते.

ही गोष्ट एवढ्या आग्रहाने सांगण्यामागे माझ्या अनुभवाखेरीजही कारण आहे. न्यूझीलंडच्या संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासलं की मुख्याध्यापकाच्या कुठल्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी सगळ्यात जवळचा संबंध आहे. ध्येय ठरवणं, साधनं मिळवणं, अध्यापनावर देखरेख, शिस्त, या सगळ्यांचा उपयोग दिसला. पण सगळ्यात वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकाने स्वतः उतरणं. प्रशिक्षण आयोजित करून दारातून निघून जाणं यात धरलेलं नाही. आपल्याकडे मुख्याध्यापक शिक्षण परिषदेत बसतो तो बहुधा माहितीचे तक्ते भरत. तुम्ही वही-पेन घेऊन, अडलेला प्रश्न घेऊन बसलात तर तुमच्या शिक्षकांना तो फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

नऊच्या नऊ शाळा एकदम घेऊ नका. तीन पुरेत : तुमची, गुरुजींची आणि ज्या शाळेतल्या शिक्षकाला स्वतःहून उत्सुकता आहे अशी एक. उरलेल्या सहांना आमंत्रणही नको आणि टोमणाही नको. तीन शाळांत काही घडलं तर ते केंद्रात आपोआप पोहोचतं, आपल्या केंद्रांत कुठलीच गोष्ट लपून राहत नाही.

या तीन शाळांनी करायचं काय? महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात बसायचं, आणि बसताना शिक्षकाकडे पाहायचं नाही, मुलांकडे पाहायचं. जपानमध्ये शतकाहून जास्त काळ शिक्षक असा एकत्र पाठाचा अभ्यास करत आले आहेत. आधी मिळून पाठ आखतात, एक जण घेतो, बाकीचे बघतात, मग चर्चा. आपण त्याचं अगदी साधं रूप घेऊ. पाहुण्या शिक्षकाला दोन मुलं वाटून द्यायची. ती दोन मुलं त्या चाळीस मिनिटांत काय करतात, कुठे अडतात, कुठे शेजाऱ्याचं बघून लिहितात, कधी खिडकीबाहेर बघायला लागतात, एवढंच टिपायचं. शाळा सुटल्यावर बसायचं. ज्याचा वर्ग होता तो आधी बोलणार. बाकीचे आपापल्या दोन मुलांबद्दल बोलणार, "तुम्ही असं करायला हवं होतं" हे वाक्य त्या बैठकीत वर्ज्य. पहिला वर्ग तुमच्या शाळेतला, आणि तोही तुमच्या सर्वांत चांगल्या शिक्षकाचा नको. तुमचा स्वतःचा तास ठेवा, अवघड घटकाचा. तो फसला तरी चालेल, फसला तर जास्त बरं.

आणि फोटो काढू नका. निदान पहिले सहा महिने कुठल्याही ग्रुपवर काही टाकू नका. फोटो काढायचा म्हटला की वर्ग सजतो, आणि सजलेल्या वर्गात अडलेलं मूल मागच्या रांगेत जातं.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटाचं, नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला त्या सुमारास राज्यभरातून शिक्षक तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बघायला जात होते. माझ्या ओळखीचेही बरेच जण गेले. परत आल्यावर बहुतेकांनी फरशीवर आकृत्या रंगवून घेतल्या, काड्या, मणी, खडे आणले. ते चांगलंच होतं. पण तिथली खरी ताकद वेगळी होती, असं माझं मत आहे. एका बीटमधल्या अनेक शाळांचे शिक्षक एकाच वेळी एकच गोष्ट शिकत होते, एकमेकांना विचारत होते आणि त्यांचं बीट सांभाळणाऱ्या विस्तार अधिकारी त्यांच्याबरोबर वर्गात होत्या. रंग आणता येतो, हे सोबत असणं मात्र गाडीत घालून आणता येत नाही. ते आपल्याच केंद्रात हळूहळू जुळवावं लागतं.

ही कल्पनाही काही परकी किंवा नवी नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळांचा संकुल म्हणून गट करावा, त्यांनी साधनं आणि अनुभव वाटून घ्यावेत, असं सुचवलं होतं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात केंद्रं झाली, केंद्रप्रमुख आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शाळा-संकुलं आहेत. म्हणजे चौकट आपल्याकडे कधीपासून उभी आहे. तिच्या आत आपण परिपत्रकं वाचतो, स्वाक्षऱ्या करतो आणि उठतो.

चौकटीत जीव ओतला तर काय होतं याचं मला माहीत असलेलं मोठं उदाहरण लंडनचं आहे. २००३ मध्ये तिथे 'लंडन चॅलेंज' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा लंडनच्या माध्यमिक शाळांची, विशेषतः गरीब वस्त्यांतल्या शाळांची, ख्याती वाईट होती. शाळांसाठीचे आयुक्त म्हणून टिम ब्रिगहाउस या अनुभवी शिक्षणतज्ज्ञांना नेमलं. त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. साधारण सारख्या परिस्थितीतली मुलं असलेल्या शाळांची 'कुटुंबं' केली आणि प्रत्येक शाळेला आपल्या कुटुंबातल्या इतर शाळांची आकडेवारी दिली. त्यामुळे "आमची मुलंच तशी आहेत" हे कारण संपलं, कारण तशीच मुलं असलेली दुसरी शाळा चार स्टेशनांवर होती आणि तिथे गणित बरं जमत होतं. मग त्या शाळेत जाऊन विचारायचं. चांगल्या चालणाऱ्या शाळांचे मुख्याध्यापक अडलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांबरोबर महिनोन् महिने काम करत होते. मदत करणाऱ्या शाळांचे शिक्षकही त्यातून शिकले, असं पुढे तिथे नोंदलं गेलं. २००८ मध्ये कार्यक्रम प्राथमिक शाळांपर्यंत आणि लंडनबाहेरही नेला, २०११ मध्ये थांबला. तोवर लंडनचे निकाल देशाच्या सरासरीच्या पुढे गेले होते. त्यातलं किती श्रेय या कार्यक्रमाचं आणि किती इतर बदलांचं, यावर तिथल्या अभ्यासकांत मतभेद आहेत, तेव्हा ते उदाहरण मंत्रासारखं घेऊ नका. शिवाय त्यांच्यामागे पैसा आणि सल्लागारांची फळी होती, तुमच्यामागे "माझी हरकत नाही" म्हणणारे केंद्रप्रमुख आहेत. पण कुटुंबाची कल्पना फुकट आहे. गुरुजींच्या शाळेची तुलना तुमच्याशी नको. पलीकडच्या केंद्रातल्या तेवढ्याच पटाच्या, तशाच वाडीवरच्या दुसऱ्या द्विशिक्षकी शाळेशी त्यांची गाठ घालून द्या. तुमची तुलना तालुक्यातल्या दुसऱ्या केंद्रशाळेशी होऊ द्या.

वेळेचं काय, हा सगळ्यात खरा प्रश्न आहे. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बाहेर पडला की दुसऱ्यावर चारही इयत्ता. त्यातला एक प्रभारी मुख्याध्यापक असतो. शिक्षण हक्क कायद्यातच प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर पट असेल तर आहे, म्हणजे वाडीवरच्या शाळेचं नेतृत्व करणारा माणूस दिवसभर वर्गातच उभा असतो. त्याच्याकडून दप्तरही सुटत नाही : पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज. इथे मोठ्या शाळेने खरी मदत करावी. तुमच्याकडे संगणकावर हात बसलेला एखादा शिक्षक असेलच. ऑनलाइन माहिती भरायच्या दिवसांत तिन्ही शाळांनी एकत्र बसून ती भरावी, सही आणि जबाबदारी ज्याची त्याची. त्यातून वाचलेली दुपार वर्गभेटीला लावा. गुरुजींना तुमच्या साहित्यपेटीपेक्षा या मदतीची गरज जास्त असेल, आणि मदत घेताना त्यांना कमीपणाही वाटणार नाही.

भेटीसाठी शनिवार बघा. सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास मिळतात. वर्ग चालू असताना बघायचा असेल तर कधीतरी वाडीवरची सगळी मुलंच शिक्षकांसकट तुमच्याकडे एक दिवस येऊ देत, आणि पुढच्या वेळी तुमची चौथी त्यांच्या शाळेत जाऊ दे. हे पावसाळा सरल्यावर. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव, पालकांची संमती आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवणं, ही तिन्ही कामं करून ठेवा. त्या दिवशीचा आहार कुठे शिजणार आणि कुठे नोंदला जाणार हेही आधी ठरवा, नाहीतर चांगल्या कामाला नसता खुलासा चिकटतो. केंद्रप्रमुखांकडून वेळ मागू नका, एकच गोष्ट मागा : शिक्षण परिषदेतला पहिला तास. परिपत्रकं आधी ग्रुपवर पाठवावीत आणि पहिला तास एखाद्या वर्गाबद्दल बोलायला ठेवावा. "माझी हरकत नाही" म्हणणारा अधिकारी एवढं नक्की देईल.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत आणि त्यांचं ओझं तुम्ही घेऊ नये. रिक्त पदं तुम्ही भरू शकत नाही. त्याबद्दल तिन्ही शाळांच्या समित्यांनी मिळून पत्र द्यावं, एकट्या शाळेच्या पत्रापेक्षा त्याला वजन येतं. बदल्या होतील, कदाचित तुमचीच होईल. म्हणून वर्गभेटींची एक वही ठेवा, साधी, दोनशे पानी, तारीख आणि मुलांबद्दलच्या नोंदी असलेली. ती तिन्ही शाळांत फिरती राहू दे. गुरुजी निवृत्त होतील तेव्हा त्यांचं दोन इयत्तांचं कसब त्या वहीत उतरलेलं असलं पाहिजे. त्यांच्याकडून ते लिहून घेणं, किंवा ते बोलतील तसं तुम्ही लिहिणं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत निकडीचं काम वाटतं, कारण त्याला मुदत आहे.

माझं चुकलं का, असं तुम्ही विचारलंत. शेजारच्या मुलांची काळजी केलीत ते चुकलं नाही. सुरुवात दुसऱ्याच्या घरापासून केलीत, तेवढं दुरुस्त करा. गणपतीच्या सुट्टीआधी दोन-तीन आठवडे मिळतात. ३१ मुलांचं वाचन त्यात होतं, रोज पाच मुलं घेतली तरी. यादी हातात आली की ती घेऊन गुरुजींच्या शाळेत जा आणि तुमच्या स्वतःच्या १९ मुलांचा आकडा त्यांना आधी सांगा. ते काय म्हणाले, ते मला लिहून कळवा. मी वाट बघते.

तुमची,
ताई